वाघ्याला दोनदा विचारलं

रोमन लोकांची मला किळस येते, आणि अकरा वर्षं त्यांनाच शिकवून मी पोट भरते. डहाणूच्या एका कॉलेजात, पहिल्या वर्षाला, दर सोमवारी आणि गुरुवारी. किळस त्यांच्या लढायांची नाही, लढाया सगळेच करतात. किळस त्यांच्या साळसूदपणाची. टायबर नदीकाठचं एक लहानसं गाव. शेजारचं वेई नावाचं शहर त्यांच्यापासून किती लांब, तर डहाणूपासून चिंचणी आहे तेवढं. ते घ्यायलाच त्यांना दहा वर्षं लागली, असं तेच सांगतात. मग शेजारचे लॅटिन लोक, मग डोंगरातले सॅम्नाइट. दरवेळी शेजाऱ्याचं ताट ओढायचं आणि हात धुऊन म्हणायचं, आम्ही कुठं घेतलं, देवानंच वाढलं.

हे मी वर्गात सांगायचे तेव्हा पोरं हसायची आणि मला बरं वाटायचं. वर्गात सांगून भागलं असतं. पण मला घरी जाऊनही शहाणपणा पाजळायची खोड आहे.

घर तलासरीपासून जीपने पाऊण तास आत, उंबरखोंड पाड्यावर. बाबा, म्हणजे काकड्या, पाड्याचा भगत. कुणाची गाय आटली, कुणाची विहीर लागेना, कुणाच्या सुनेला पोर होईना, की लोक त्याच्याकडे येतात आणि तो देवाला विचारतो. आई रखमी, तिचं देवाशी वाकडं नाही आणि फार सख्यही नाही. धाकटा भाऊ तुषार बी.कॉम. झाला, चार वर्षं हायवेवरच्या ढाब्यांवर आणि पेट्रोलपंपांवर घासली, आणि गेल्या पावसाळ्यात त्याला नोकरी लागली. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर ‘ग्राम समन्वयक’. एका कंपनीला आमच्या खालच्या माळावर गोदामं बांधायची होती. माळ त्यांनी कसाबसा मिळवला होता. हायवेला जोडणारा रस्ता मात्र वाघ्याच्या टेकडीवरूनच जात होता.

वाघ्या म्हणजे आमचा देव. सागाची फळी, त्यावर कोरलेला वाघ, वर चांद-सूर्य, अंगावर पिढ्यांचा शेंदूर. त्याला छप्पर नाही आणि त्याला ते नको असतं, असं म्हणतात. टेकडीवरच्या जांभळींना कुणी कोयता लावत नाही. कंपनीचं म्हणणं असं की देवाला खाली हायवेजवळ हलवू, चांगलं मंदिर बांधून देऊ. त्याचं चित्र तुषारच्या मोबाइलमध्ये होतं. गुलाबी घुमट, स्टीलची ग्रिल आणि आतल्या भिंतींना छातीपर्यंत टाइल्स. ढाब्यावरच्या मुतारीला असतात, अगदी तशा. मी ते चित्र बघून मोबाइल पालथा ठेवला होता, आणि आई म्हणाली होती, “धुवायला सोपं पडंल.”

डिसेंबरात मी दोन दिवस घरी आले तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. आम्ही चौघं, आणि पायांत लुडबुडणाऱ्या आईच्या कोंबड्या. सोमवारचा पाठ डोक्यात होताच. मी कोंबड्यांकडे बघून म्हटलं, “ह्यांच्या जिवावर रोमन लोकांनी अर्धा इटली घेतला.”

“काय सांगतेस, ताई,” तुषार म्हणाला.

मग मी सांगितलं. लढाईला निघताना रोमन सेनापती कोंबड्या बरोबर न्यायचा. त्यांच्यापुढे दाणे टाकायचे. कोंबड्यांनी हावऱ्यासारखे खाल्ले तर देवाचा होकार, नाही खाल्ले तर नकार. सॅम्नाइट लोकांशी अक्विलोनिया नावाच्या गावाजवळ लढायचं होतं. सगळं सैन्य उतावीळ झालेलं. त्या दिवशी कोंबड्यांनी दाण्याला तोंडच लावलं नाही. पण कोंबड्या सांभाळणारा जो माणूस, त्याने सेनापतीला कळवलं, मस्त खाल्ले, निघा. त्यांना लढायचंच होतं, फक्त देवाची सही हवी होती. पुढं पुढं तर त्यांनी सोपंच करून टाकलं. कोंबड्यांना पिंजऱ्यात उपाशी ठेवायचे. मग काय, दार उघडलं की देव हो म्हणालाच.

तुषार झोडायचा थांबला होता. “उपाशी ठेवल्यावर खाणारच ना,” तो म्हणाला. मी म्हटलं, तेच तर.

बाबाने एकच विचारलं. “त्या कोंबडीवाल्याचं काय झालं?”

“खोटं बोलला हे सेनापतीला कळलं. तो म्हणाला, मला जे सांगितलं ते मी खरं धरणार, खोट्याचं पाप सांगणाऱ्याच्या डोक्यावर. आणि त्याला सगळ्यांत पुढच्या रांगेत उभा केला. लढाई सुरू व्हायच्या आधीच एक भाला आला आणि तो मेला. सेनापती म्हणाला, देवाला त्याचा गुन्हेगार मिळाला. मग ते जिंकले.”

“म्हणजे मेला तो एकटाच,” बाबा म्हणाला, आणि त्याने पुढचा भारा उचलला.

मी एवढं हसत हसत का सांगितलं होतं, तर आमच्याकडेही कोंबडीच असते. मोठा प्रश्न असला की बाबा एक पिलू घेतो, वाघ्यापुढे पळसाच्या पानावर तांदूळ ठेवतो आणि पिलू सोडतो. टिपलं तर हो, नाही टिपलं तर नाही. पण एक रीत आहे. त्या दिवशी सकाळी भगताने पिलाला आपल्या हाताने मूठभर दाणे चारायचे. कमी नाही, जास्त नाही, एक मूठ. मग टेकडीवर पिलू सोडण्याआधी त्याच्या मानेखालची पिशवी बोटांनी चाचपायची. रिकामी असली तर पिलू भुकेचं बोलेल, टच्च असली तर आळसाचं. मधलं असलं तरच देवाचं. रोमन लोकांपेक्षा आमचा काकड्या भगत किती सरळ, हे मला त्या खळ्यावर दाखवायचं होतं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. माझ्यापुढे गाढव नव्हतं, चांगला हुशार भाऊ होता.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत टेकडीवर ठराव यायचा होता. पाड्यातल्या शुक्राकाकाने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं की आम्ही कोण हो-नाही म्हणणारे, घर ज्याचं हलवायचं त्याला विचारा. जानेवारीच्या पहिल्या रविवारी वाघ्याला विचारायचं ठरलं. रविवार असला तरी माझी त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी होती. दुपारी आईचा फोन आला.

“हो म्हणाला देव,” ती म्हणाली. “पिलू असं तुटून पडलं तांदळावर, पानसुद्धा फाडलं. सगळी बघतच राह्यली.”

“पिलू कुणाचं होतं?”

“तुषारनंच आणलेलं कासाच्या बाजारातनं. शुक्रवारीच आणलं. आत कोठीत डालग्याखाली ठेवलेलं, मांजर नेईल म्हणून. मला म्हणाला, तू हात लावू नको, देवाचं हाय.”

मी फोन ठेवला आणि पर्यवेक्षणाच्या खुर्चीवर बसून राहिले. समोर चाळीस पोरं खाली माना घालून लिहीत होती. त्यांतली निदान दहा तरी अक्विलोनियाच्या कोंबड्यांबद्दल लिहीत असणार, कारण तो प्रश्न मीच काढला होता.

पुढच्या शनिवारी मी घर गाठलं. तुषार ओट्यावर बसून बूट पुसत होता. पाड्यावरच्या धुळीत रोज बूट पुसणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मी सरळ विचारलं, पिलाला किती दिवस उपाशी ठेवलंस?

तो लाजेल, निदान उडवून लावेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “दोन दिवस. पाणी दिलं होतं.”

“लाज नाही वाटत?”

“ताई, आयडिया तुझीच ना.” तो अगदी प्रेमाने बोलत होता. “आणि फसवलं कुणाला? अर्ध्या पाड्याला रस्ता पाहिजेच आहे. कासाच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर झोळी करून न्यावा लागतो, तुला डहाणूत बसून काय कळणार. सगळ्यांना हो म्हणायचंच होतं. फक्त कुणी आधी म्हणायचं, एवढंच अडलं होतं. ते वाघ्यानं केलं.”

“आणि बाबा? त्याच्या तोंडून तू खोटं वदवलंस.”

“त्याला कुठं माहीत आहे,” तुषार म्हणाला. “त्याच्यासाठी ते खरंच आहे.”

सेनापती अगदी हेच म्हणाला होता. मला त्या पुसलेल्या बुटांकडे बघवेना. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि शेताच्या बांधावर बाबाला गाठलं. तो दोरी वळत बसला होता. मला त्याला फक्त एवढंच कळवायचं होतं की तुझी फसवणूक झाली, तुझा दोष नाही. मी पिलाचं सांगितलं. तो दोरी वळतच राहिला.

“माहीत हाय,” तो म्हणाला.

“तुला तुषारने सांगितलं?”

“त्यानं कशाला सांगायचं? मी सकाळी मूठभर चारायला गेलो, तर तो म्हणाला, मी चारलं. वर गेल्यावर चाचपलं. पिशवी कोरडी. चामडीला चामडी लागत होती.” त्याने दोरीला पीळ दिला. “चाळीस वर्सं पिलं चाचपतोय. हाताला कळतं.”

“मग सोडलंस कशाला?”

“माणसं उभी होती. पोराच्या गळ्यात पट्टा होता. पहिलीच नोकरी त्याची.”

आयुष्यभर मी ज्या माणसाकडे बघून जगातल्या सगळ्या लबाडांना नावं ठेवली, त्याने मुलाच्या पगारासाठी तोंड मिटलं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं. आली ती किळसच. त्याच्या दोरी वळणाऱ्या बोटांचीसुद्धा आली, आणि वडिलांबद्दल असं वाटतं म्हणून मग स्वतःची आली.

खरं सांगून टाकायचं, एवढा सरळ रस्ता समोर होता. शुक्राकाकाच्या अंगणात उभं राहून म्हणायचं, पिलू उपाशी होतं, भगताला ठाऊक होतं. पण मग काकड्या भगताला उद्यापासून कोण विचारणार, आणि तुषारने पाड्यात कुठल्या तोंडाने राहायचं? शिवाय लोक म्हणणार, सुषमा मास्तरीणबाईच्याच घरातलं हे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी शोधली ती दुसरी वाट. मला ती तेव्हा फार शहाणपणाची वाटली.

आमच्यात मोठ्या प्रश्नाला पाड्यातलं कुणीही “पुन्हा विचार” म्हणू शकतं. एकदाच, आणि कारण द्यावं लागत नाही. मी तेवढंच म्हटलं. शुक्राकाकाने मान हलवली. म्हातारी नवशी, जी टेकडीखाली राहते आणि वाघबारशीला वाघ्याला पहिला दिवा लावते, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “माझं पिलू घे. बाजारचं नको.” पंचवीस तारखेची सकाळ ठरली. तुषार माझ्याशी बोलायचा बंद झाला, पण त्याने अडवलं नाही. त्याला खात्री होती की पिलू ते पिलूच, दाणा दिसला की टिपणारच.

मलाही तीच भीती होती. हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगायला हवं. वाघ्यावर सोडून द्यायला माझा वाघ्यावर विश्वास नव्हता. असता तर रीतीप्रमाणे एक मूठ चारली असती आणि जे होईल ते बघितलं असतं. अकरा वर्षं मी देवाच्या नावाने झालेली लबाडीच तेवढी शिकवली, तिच्यात देवाला जागा उरली नव्हती.

पंचवीस तारखेला सकाळी मी नवशीच्या घरी पिलू आणायला गेले. नवशी शेणगोठ्याला लागली होती. मी तिच्या परड्यात, केळीच्या आड, पिलू मांडीवर घेतलं. ओढणीच्या टोकाला नागली बांधून आणली होती. आधी त्याने आपणहून खाल्ली. पोट भरल्यावर मान वळवली. मग मी अंगठ्याने चोच उघडली आणि चिमूट चिमूट आत सारत राहिले. पिलू मान झटकत होतं. हाताखाली ती पिशवी चिंचोक्याएवढी होती, ती लिंबाएवढी झाली, वर कातडी ताणून तुकतुकीत दिसायला लागली. त्याच्या चोचीतून ओला, आंबट वास येत होता. दोन दाणे बाहेर आले, तेही मी परत आत घातले. तुषारने निदान पिलाला हात लावला नव्हता.

वर टेकडीवर पाडा जमला होता. जांभळींच्या सावलीत बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, तुषार कार्ड आत शर्टात टाकून मागे उभा. बाबाने पळसाचं पान मांडलं, तांदूळ ठेवले. “एक मूठ चारायची राह्यली,” तो मला म्हणाला.

“मी चारली,” मी म्हटलं.

त्याने पिलू हातात घेतलं. बोटं मानेखाली गेली आणि तिथेच थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही, मला वाटलं होतं मी बरोबर आहे. मग त्याने पिलू पानाजवळ सोडलं.

पिलू दोन पावलं चाललं. तांदळापाशी गेलं, जड झाल्यासारखं खाली बसलं आणि डोळे मिटले. नवशी पुटपुटली, “नाय म्हणतो, माझा वाघ्या नाय म्हणतो,” आणि तिने मातीला कपाळ टेकलं. तिच्यामागे सगळ्यांनी टेकलं. ज्यांना रस्ता हवा होता त्यांनीही टेकलं. शुक्राकाका डोळे पुसत होता. मी तेवढी उभी होते. एवढी माणसं माझ्या चिमटीतल्या नागलीपुढे डोकं टेकून होती.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव पडला. कंपनीने वळसा घालून रस्ता काढायचं मनावर घेतलं. तुषारला त्यांनी काढलं नाही, पण तालुक्याच्या ऑफिसात फायली लावायला बसवलं. तो रोज तलासरीला जातो आणि अजून बूट पुसतो. टेकडी आहे तिथे आहे. जांभळीही आहेत.

आणि टेकडीवरून उतरताना, सगळ्यांसमोर, बाबाने तांदळाची टोपली शुक्राकाकाच्या हातात दिली होती. “दुसरा भगत बघा,” म्हणाला. लोकांनी कारण विचारलं. म्हणाला, हाताला आता कळत नाय, म्हातारा झालो. कुणी खरं मानलं नाही, पण आमच्यात भगताला कारण दोनदा विचारत नाहीत.

फेब्रुवारीत मी घरी गेले तेव्हा एक बाई पोराला कडेवर घेऊन आली होती. पोराला महिनाभर ताप. बाबाने तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, कासाच्या दवाखान्यात ने, मला देव सांगत नाय आता. ती गेल्यावर तो बराच वेळ वाटेकडे बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, बाबा, टेकडी तर वाचली ना.

“वाचली,” तो म्हणाला.

अंगणात आईची पिलं माती उकरत होती. त्याने टोपल्यातले मूठभर दाणे घेतले आणि त्यांच्यापुढे टाकले.

“दोनदा विचारलं, पण विचारलं कोणीच नाय,” तो म्हणाला. “पहिल्यांदा त्यानं उत्तर आणलं, मग तू आणलं. दोघांसाठी मी गप्प बसलो. खोटं सांगणारा मी.” मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तुषारचं नोकरीसाठी होतं. ते मला कळतं. तुझं कशासाठी होतं गं?”

वाघ्यासाठी, देवासाठी, असं मी म्हणणार होते. शब्द ओठांवर आला आणि तिथेच त्याची चव कळली. हाच शब्द घेऊन ते टायबरकाठचे लोक वेईला गेले होते, लॅटिनांकडे गेले होते, डोंगरात सॅम्नाइटांकडे गेले होते. मी तो परत गिळला. बाबा उत्तराची वाट बघत होता, आणि पिलं दाणे टिपत होती.